वाळत घातलेलं गवत

वन्सं,

तुम्ही गेलात त्याला अकरा महिने झाले आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच आहे. म्हटलं, एकदा कागदावर भांडून घ्यावं. पत्राच्या सुरुवातीला तब्येत विचारायची असते. पण तुम्ही जिवंतपणी तरी त्या प्रश्नाचं धड उत्तर कधी दिलंत? "मला काय धाड भरलीय?" म्हणायचात आणि उठायचात. बसलेल्या असाल तर उठायचात, उभ्या असाल तर चालू लागायचात.

स्वस्थ बसलेलं मी तुम्हाला चाळीस वर्षांत पाहिलं नाही. जेवायचात तेही ओट्याला टेकून, उभ्याने. ताट एका हातात आणि दुसरा हात कुणाच्या तरी शर्टाचं सैल बटण चाचपत. लग्नानंतर मी पहिल्यांदा तुमच्याकडे जेवायला आले तेव्हा दारातच तुम्ही माझा पदर नाकाशी नेऊन हुंगलात. सगळ्यांसमोर! "कपाटात ओली ठेवली होतीस ना?" मी नवी सून, त्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, स्वतःला कोण समजणारी. चारचौघांत असं कुणी बोललं नव्हतं मला. तुमचा भाऊ छताकडे बघत उभा राहिला. साडी ओली ठेवली होती, हेही खरंच होतं म्हणा.

तुमचं ते नाक नोकरीचं होतं. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत बत्तीस वर्षं, त्यातली शेवटची एकोणीस मुकादम म्हणून. मी एकदाच आत आले होते, किल्ली द्यायला. दार उघडलं तशी चष्म्यावर वाफच वाफ. पुसून बघते तर लांबच लांब फरशी, मधोमध पाण्याची नाली, एका बाजूला पिंपाएवढाली यंत्रं घरघरताहेत आणि दुसऱ्या बाजूला टेबलांवर घड्यांचे ढीग. त्या ढिगांमधून तुम्ही चालत होतात. चालता चालता मधलीच एखादी चादर उपसायची, हुंगायची, पुन्हा ठेवायची. एक चादर तुम्ही ठेवली नाहीत. उलगडून टेबलावर टाकलीत आणि नुसतं बघितलंत. घडी घालणारी बाई पळत आली, काही न विचारता ती चादर उचलली आणि परत धुवायला घेऊन गेली.

"फाटली होती का?" मी विचारलं.

"कुबट."

मी हुंगून पाहिली असती तर मला काहीही जाणवलं नसतं. तुमच्या राज्यात एकच गुन्हा होता: ओलं कापड रात्रभर पडून राहणं. वाळवायचं यंत्र बंद पडलं त्या दिवशी तुम्ही अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरी जिन्याच्या कठड्यांवर, व्हरांड्यात, खिडक्यांच्या गजांवर पसरल्या होत्यात. मोठे डॉक्टर घरी जायला निघाले तर त्यांच्या गाडीवर सहा गाऊन. "तासाभराने जा," तुम्ही त्यांना म्हणालात. आणि ते थांबले! हा किस्सा तुम्ही निवृत्तीच्या समारंभात सांगितलात तेव्हा डॉक्टरच सगळ्यांत जास्त हसले.

निवृत्त झालात आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. सकाळी साडेपाचला उठून घरातली कपाटं रिकामी करायची, दुपारी भरायची. सुनेच्या साड्यांना नव्या घड्या. मुलाच्या ऑफिसच्या शर्टांना दिवसातून दोनदा इस्त्री. माझा फोन दिवसाला सात वेळा वाजायचा. "काय करतेस, मास्तरीण?" मी म्हणायची, वाचतेय. "अजून?" तुम्ही विचारायचात. वाचणं संपत कसं नाही हे तुम्हाला कधीच कळलं नाही.

शेवटी तुमचे हात मागच्या अंगणाकडे वळले. वीस बाय तीस फूट जागा. पंचवीस वर्षं तिथे तुमच्या यजमानांचा टेम्पो उभा असायचा. यजमान गेले, टेम्पो विकला, जमीन राहिली, आणि ती अशी दडपलेली की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. एका कडेला तुमच्या कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या, बाकी सगळं उघडं. तुम्ही घेवडा लावलात. टोमॅटो लावलेत. पाणी घातलं की दोन दिवस तसंच वर उभं राहायचं, तळं करून. रोपं पिवळी पडली. तुम्ही ती उपटलीत, दुसरी लावलीत. तीही गेली. तुम्ही रोज सकाळी त्या जागेला घिरट्या घालत होतात. सून म्हणाली, "आई, तुमच्या चालण्यानेच ती अजून कडक होतेय." त्यावर तुम्ही तिच्याशी दोन दिवस बोलला नाहीत. पण घिरट्या दुसऱ्या दिवसापासून बंद झाल्या, हे तिनेच मला सांगितलं.

मग तुमचा मुलगा बोलला. तुम्ही त्याला 'आमचे साहेब' म्हणायचात. विमा कंपनीत आहे, बोलतो नेमकं. त्याची गाडी रस्त्यावर उभी असायची आणि वर्षात दोनदा तिला कुणीतरी ओरबाडलं होतं. तो म्हणाला, "आई, मी काही दुष्ट नाही. उन्हाळा लागेपर्यंत तिथे खाण्यासारखं काहीतरी उगवलेलं दाखव. दाखवलंस तर जागा तुझी, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही तर सिमेंट घालून गाडी आत घेतो."

तुम्ही त्याच दुपारी माझ्याकडे आलात. चप्पल न काढता आत.

"मास्तरीण, ते अंगण गेलं तर मी काय करू ते सांग. खोलीत बसून काय करू?"

आवाज तुमचा नव्हता. चाळीस वर्षांत तुम्ही मला कधी काही विचारलं नव्हतं, नेहमी सांगितलंच होतं. मला बरं वाटलं, हे कबूल करते. आणि मी पुस्तकं काढली.

इथे एक गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती, ती आता सांगते. वनस्पतिशास्त्र मी तीस वर्षं शिकवलं, पण आयुष्यात एक वाफा केला नव्हता. माझ्या गॅलरीत तीन कुंड्या, त्यातल्या दोन रिकाम्या. रायग्रास नावाचं गवत मला पुस्तकाच्या पानावरून माहीत होतं. थंडीच्या तोंडावर पेरायचं, आठवड्यात उगवतं. मुळं केसांसारखी, दाट, घट्ट मातीत शिरून तिला भुगभुशीत करतात. वर गवताचं पांघरूण असलं की तण येत नाही, माती वाहून जात नाही. आणि तुरे धरायच्या आत कापून मातीत गाडलं की त्याचंच खत. मी हे तुम्हाला फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं सांगितलं.

"म्हणजे भाजी नाही. गवत," तुम्ही म्हणालात.

"आधी गवत. मग भाजी."

"त्याने खाण्यासारखं म्हटलंय. मी काय चरायला जाऊ?"

"वन्सं, तीन महिने. तीन महिने त्या जागेकडे बघायचं नाही."

"बघायचं नाही तर लावायचं कशाला?"

बियाण्याच्या दुकानात आपण दोघी गेलो. रायग्रास चाऱ्याचं गवत, तेव्हा दुकानदाराने साहजिकच विचारलं, "जनावरं किती आहेत, बाई?"

"एकच आहे," तुम्ही म्हणालात. "वरच्या मजल्यावर राहतं. रोज टाय लावून ऑफिसला जातं."

अर्धा किलो पुरलं. तुम्ही जमिनीची वरची साल खुरप्याने खरवडलीत, बी फेकलंत, दाताळ्याने ओढून झाकलंत. तेही लॉन्ड्रीच्या पद्धतीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये पट्टा सुटता कामा नये. दुसऱ्या दिवसापासून माझा फोन. "काही नाही." तिसऱ्या दिवशी, "काही नाही. फसवलं त्याने." चौथ्या दिवशी तुम्ही एका जागी उकरून बी बाहेर काढलंत, त्याला पांढरा कोंब होता, आणि तुम्ही तो फोनवर मला असा काही वर्णन करून सांगितलात की मी चहा गॅसवर विसरले. सहाव्या दिवशी अंगणावर हिरवी लव दिसली. त्या दिवशी तुम्ही फोन केला नाहीत. मीच केला. सून म्हणाली, "आई मागच्या पायरीवर बसल्यात."

"बसल्यात?"

"हो ना. मलाही धक्काच बसला."

पाचेक मिनिटांत उठलात, असं नंतर कळलं. तरी पाच मिनिटं!

थंडीभर ते गवत वाढलं. गुडघ्याला लागायला लागलं तेव्हा तुम्ही एकदा विळ्याने कापलंत, ते पुन्हा फुटलं. साहेब गॅलरीतून बघून म्हणायचे, "आई, छान कुरण झालंय, पण भाजी कुठंय?" तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत, माझ्यावर सोपवायचात. "मास्तरणीला विचार. तिचं शास्त्र आहे." एका सकाळी माझ्या दारावर धडाधडा थापा. उघडलं तर तुम्ही, हातात प्लास्टिकची पिशवी. सरळ माझ्या जेवणाच्या टेबलावर, टेबलक्लॉथवर, तुम्ही एक ढेकूळ ठेवलंत.

"हात लाव."

मी लावला. ते ढेकूळ बोटांत विरघळल्यासारखं सुटलं. आतून सगळी पांढरी मुळं, इतकी बारीक आणि इतकी दाट की मातीपेक्षा मुळंच जास्त. एक गांडूळ टेबलावर पडलं आणि वळवळत माझ्या पुस्तकाकडे निघालं.

"टेम्पोच्या चाकाखालची आहे ही," तुम्ही म्हणालात. "ज्या जागी पुढचं डावं चाक असायचं तिथली."

मग तुम्ही माझा टेबलक्लॉथ उचललात, झटकलात आणि न विचारता धुवायला टाकलात.

गवताला तुरे दिसू लागले तेव्हा उन्हाळ्याला पाचेक आठवडे उरले होते. हिशोब बरोबर होता. गाडायचं, तीन आठवडे थांबायचं, मग मुळा आणि पालक. दहा-बारा दिवसांत दोन्ही वर दिसतात. हे सगळं माझ्या पुस्तकात लिहिलेलं होतं, पेन्सिलीने खूण करून ठेवलेलं होतं. तुमचा फोन आला तेव्हा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीशी बोलत बसले होते, आणि फोन त्या दिवसातला पाचवा होता.

"कापलं सगळं. आता?"

"आता मातीत गाडा, पाणी मारा आणि मोकळ्या व्हा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मोकळ्या व्हा! तुम्हाला! तीन आठवडे थांबायचं हे मी सांगितलं नाही. गवत मातीत कुजणार, कुजताना वास येणार, तो यायलाच हवा, हेही सांगितलं नाही. मला घाई होती. त्या मुलीची बढतीची बातमी ऐकायची होती.

तुम्ही गाडलंत. सगळं, एका दिवसात, हातभर खोल. पाणीही मारलंत, तुमच्या मापाने, म्हणजे चिखल होईपर्यंत. पाचव्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं आणि तुमच्या नाकाला तो वास आला.

पुढचं मी नंतर एकाच रात्री फोनवर ऐकलं, तुमच्याकडून तुकड्यातुकड्यांनी आणि साहेबांकडून सलग. तुम्ही दारात उभ्या राहिलात. कुबट. तुमच्या घरात, तुमच्या हाताने गाडलेलं, ओलं, पाच दिवस पडून राहिलेलं. बत्तीस वर्षांत ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही बायकांना रडवलं होतं, ती तुमच्या अंगणात. मला फोन केलात, मी बँकेत होते. मग तुम्ही थांबला नाहीत. फावडं घेतलंत आणि ते सगळं गवत उकरून बाहेर काढायला लागलात. पिवळं, लिबलिबीत झालेलं. बादलीत खळबळून माती काढलीत. जुड्या बांधल्यात. आणि चारही दोऱ्यांवर, चिमटे लावून, ओळीने वाळत घातल्यात. दोन दिवस चाललं होतं तुमचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेब ऑफिसातून आले ते गवंड्याला घेऊनच. माप घेऊन ठेवावं, एवढ्यासाठी. मागे येऊन बघतात तर आई कमरेला चिमट्यांची पिशवी बांधून उभी आणि दोऱ्यांवर कुजलेलं गवत टपटपतंय.

"आई, हे काय?"

"वाळतंय. वास निघाला की परत घालते."

"परत कुठे घालतेस?"

"मातीत. कुठे म्हणजे?"

गवंड्याने मापाची पट्टी खिशात ठेवली आणि म्हणाला, "मी नंतर येतो." साहेबांना ते फार लागलं. त्या माणसाचं ते हळू आवाजात बोलणं.

रात्री आठला त्याने मला फोन केला. "मामी, तुम्ही प्रोफेसर आहात, तुम्हीच सांगा. गवत धुऊन दोरीवर वाळत घालणारं माणूस..." आणि तो हसला. हसला म्हणजे रडायच्या ऐवजी हसला, ते मला आता कळतं. तेव्हा मला फक्त ते दृश्य दिसलं, जुड्या, चिमटे, आणि मीही हसले. खळखळून हसले, वन्सं. आणि वर म्हणाले, "वय झालं रे आता त्यांचं. मनावर घेऊ नकोस."

फोन ठेवला आणि मग मला पेन्सिलीची खूण आठवली.

अर्ध्या तासाने तुमचा फोन. तुम्ही हळू बोलत होतात, सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मास्तरीण, वास यायलाच हवा होता का?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

मी पुस्तकातलं खुणेचं पान उघडलं.

"बरं, राहू दे. माझी माती बिघडलेली नाही. मी बघितली, अजून तशीच मऊ आहे. मुळं आतच आहेत ना?"

"आतच आहेत. मुळांनीच काम केलंय. काही बिघडलेलं नाही."

"मग तू ये आणि त्याला सांग. मी सांगितलं तर तो मान हलवतो, लहान मुलापुढे हलवावी तशी. तुझं ऐकेल. एवढंच सांग, की आईला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तीन आठवडे थांब म्हणावं. मुदतीला अजून महिना आहे, तरी तो परवाच सिमेंटवाल्याला बोलावतोय."

"उद्या सकाळी येते," मी म्हटलं.

सकाळी मी तयार झाले. साडी नेसले, पिशवीत पुस्तक घातलं, खूण केलेलं पान वर येईल असं. चप्पल घातली. बसस्टॉप माझ्या दारातून दिसतो, बस येताना दिसते. एक आली, गेली. दुसरी आली. मला त्याच्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं, की चूक माझी आहे, आणि काल रात्री मी त्याच्याबरोबर हसले तेव्हाही चूक माझीच होती. तिसरी बस गेल्यावर मी चप्पल काढली आणि तुम्हाला फोन केला, की गुडघा धरलाय.

"बरं," तुम्ही म्हणालात. "औषध लाव."

माझे गुडघे उत्तम आहेत, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सिमेंट पडलं. दोऱ्या काढल्या, त्यांचे खांबही. तुम्ही तेव्हा आत होतात आणि साहेबांच्या शर्टांना इस्त्री करत होतात, असं सून म्हणाली. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात. फोन करायचात, दिवसाला एक किंवा दोन. "काय करतेस?" वाचतेय. "बरं." 'अजून?' विचारणं थांबलं होतं. मी आले की तुम्ही खोलीत असायचात, पलंगाच्या कडेवर, पाय जमिनीवर टेकून, उठायच्या तयारीत. पण उठायचा नाहीत. सूनबाई चहा आणायच्या आणि तुमच्याशी जरा मोठ्याने, जरा सावकाश बोलायच्या. घरातले सगळेच तसं बोलायला लागले होते. तुम्ही ऐकून घ्यायचात. अंगणाबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. मीही काढलं नाही.

साहेब चांगला मुलगा आहे. दर रविवारी माझ्याकडे येतो, गॅसचं नाही तर विजेचं काहीतरी बघून जातो. गेल्या रविवारी माझी शेजारीण बसली होती. तिने तुमच्याबद्दल विचारलं, तिच्या सासूबाई हॉस्पिटलात होत्या तेव्हा लॉन्ड्रीत असायच्या त्याच का, म्हणून.

"हो, तीच माझी आई," तो म्हणाला. "एक नंबरची कामाची बाई. शेवटी शेवटी मात्र जरा... गवतबिवत वाळत घालायची."

शेजारीण च्-च् करून माझ्याकडे बघायला लागली. त्यानेही माझ्याकडे बघितलं.

"अजून चहा घेतोस का?" मी त्याला विचारलं.